उलटं धरलेलं पान

२७ फेब्रुवारी, मोठ्या उपासाचा दुसरा दिवस

खोटं बोलले. क्रूसावर हात ठेवून खोटं बोलले!

मठाच्या प्रमुख अम्मा मेलानीने सगळ्या जणींसमोर विचारलं, "फेव्रोनिया, ही पोथी कुजली आहे ना?" मी म्हटलं, "कुजली आहे, अम्मा." कुजली कसली! चार पानं किड्यांनी खाल्लीत, आठ-दहा पानांना छताचं पाणी लागलंय. बाकी ठणठणीत. पण शुभवर्तमानाची चांगली पोथी खरवडून तिच्या कातडी पानांवर दुसरं काही लिहायचं नाही असा चर्चचा नियम. कीड लागून नाहीतर भिजून निकामी झाली तरच खरवडायची. चांगली खरवडली तर वर्षभर पवित्र भाकरी बंद. मग ती निकामी आहे हे कोणीतरी सांगायला नको? कातड्यातलं जिला कळतं तिने. म्हणजे मी.

नवं कातडं नाहीच. या हिवाळ्यात मेंढ्या रोगाने मेल्या. आणि किल्ल्यावरच्या बाईसाहेबांना स्तोत्रांचं पुस्तक हवंय. ते मिळालं तर त्या आमचं छत दुरुस्त करून देणार. छतासाठी देवाचं वचन घासायचं!

हा तुकडा म्हातारी पेलागियाने दिला. नवं पुस्तक लहान, म्हणून जुन्या पानांच्या कडा ती आधीच कापून टाकते. शाई सुटायला पानं दुधात भिजवावी लागतात, कडांवर ते कशाला वाया घालवायचं? त्या कडा सरसाच्या टोपलीत जातात, उकळून चिकटवायचा सरस करायला. म्हणाली, "घे, रेघोट्या मार. सरसात एक तुकडा कमी पडला म्हणून कोणी मरत नाही." चांगला रुंद आहे, तळहाताएवढा. सवयीने उलटा धरला, वजरीच्या खरबरीत दगडाने चार हात मारले, झाला कोरा. एका कोपऱ्याला तेलाचा डाग आहे, तिथे शाई धरत नाही.

पापाची कबुली इथे अम्माजवळच द्यायची असते. अम्मानेच करायला लावलेलं पाप अम्माला काय सांगू? म्हणून कातड्याला सांगते.

२८ फेब्रुवारी

उपासात आम्हाला दुधाचा थेंब नाही. कातड्यांना मात्र रोज दुधात आंघोळ! पेलागिया म्हणते, "पुढच्या जन्मी कातडं हो, बयो." पुढचा जन्म नसतो असं मी म्हटलं. "मग तर फारच वाईट," म्हणाली.

३ मार्च

आज सहा पानं. रात्रभर दुधात, मग कोंडा चोळायचा, मग पाटावर ताणून वजरी. खांदे गेलेत कामातून.

पानं उलटी धरूनच घासायची. अक्षरांचे पाय वर, डोकी खाली. वाचत वाचत देवाचं वचन पुसणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं, असं पेलागियाला तिच्या गुरूबाईने शिकवलं, तिने मला. उलटं धरलं की अक्षर म्हणजे नुसते डाग. दहा वर्षांत माझ्या हाताला याची इतकी सवय झालीय की जेवणाचं ताटही मी आधी फिरवून ठेवते. सगळ्या हसतात.

या पोथीची अक्षरं मोठी आहेत, जुन्या पद्धतीची. आता असं कोणी लिहीत नाही. पुठ्ठा अम्माने आधीच काढून नेलाय.

खिडकी एक. तिच्यातून भिंत दिसते. भिंतीपलीकडे समुद्र आहे म्हणतात, वारा खारट येतो खरा. अकरा वर्षांत मी फाटकाबाहेर दोनदा गेले. दोन्ही वेळा कोणाला तरी पुरायला.

७ मार्च

पाव देणाऱ्या बाईने बातमी आणली. खरी निघाली! ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी बिशपचा माणूस येणार आहे, सगळ्या मठांत फिरतोय. वरच्या खोऱ्यातल्या मठातून त्याने एका मुलीला घरी पाठवलं. का, तर दहा वर्षांची व्हायच्या आधी तिचे केस कापले होते. दहाच्या आतलं व्रत हे व्रतच नव्हे!

अक्षर बघा कसं आलंय.

माझे केस कापले तेव्हा माझे पुढचे दोन दात नुकतेच आलेले. जिभेने चाचपत होते ते आठवतं. अकराव्या वर्षी कोणाचे पुढचे दात येतात?

जेवणानंतर अम्माला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं. "मी आले तेव्हा केवढी होते हो?"

"अकरा," अम्मा म्हणाली. इतक्या झटकन, की आधीच तयार ठेवलेलं असावं.

८ मार्च

बाबा दस्तऐवज लिहायचे, गावभराचे. आमचे जन्म त्यांनी घरच्या शुभवर्तमानाच्या कडेला लिहून ठेवले होते. ती पोथी माझ्याबरोबर त्यांनी मठाला दिली. तांबडा पुठ्ठा होता. इथे असेलच कुठेतरी! पोथ्यांच्या पेटीत असेल. पेटीची किल्ली अम्माच्या कमरेला.

१२ मार्च

देवा रे.

आज पान सुलटं धरलं. पाप केलं ते चुकून केलं नाही, मुद्दाम केलं. घासून घासून डोकं भणभणलं होतं, म्हटलं बघू तरी कुठलं वचन मारतेय. लूकच्या शुभवर्तमानातलं होतं, हरवलेल्या मेंढराचं. आणि पेलागियाने कड जरा कमी कापली होती, त्यामुळे बाजूला बारीक अक्षर राहिलं होतं. शेपट्या लांब ओढलेलं, दस्तऐवजी:

"माझा मुलगा लिओन जन्मला. अकरा दिवस जगला. देवाने दिला, देवाने ठेवून घेतला."

बाबा!

पाटावर डोकं टेकून रडले. पेलागिया उठली. आली आणि दुधाचं भांडं माझ्या कोपरापासून बाजूला सरकवलं. सांडलं असतं.

बाबांची पोथी मी माझ्या हाताने घासतेय. निम्मी संपली. आणि ती कुजलीय असं मीच शपथेवर सांगितलंय. आपल्याच हाताने आपलं घर पाडलं.

१३ मार्च

उरलेल्या पानांत मी नाही. सगळी सुलटी पाहिली. मी नाही.

१७ मार्च

राहवलं नाही, गेले अम्माकडे. सरळ विचारलं, "पोथी माझ्या बाबांची होती हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"पेटी गळक्या छताखाली कोणी ठेवली?"

तिने दार लोटून घेतलं. मग बस म्हणाली. बसले. स्वतःच्या हाताने दोन सुके अंजीर पुढे ठेवले. तिला राग आला की ती खायला घालते.

"तापाचं वर्ष होतं, बाळ. तुझी आई गेली होती. ताई लग्न होऊन लांब. बाप दारातच बसला, उभं राहायचं बळ नव्हतं. म्हणाला, माझा भाऊ हिला वर्षभरात कुठल्यातरी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधेल. केस कापलेल्या मुलीला कोणी हात लावत नाही. त्याच दिवशी कापले. चार दिवसांनी तो गेला. मी चूक केली का, सांग."

मी अंजीर खाली ठेवलं.

"पण वय, अम्मा?"

"अकरा," म्हणाली. या वेळी खिडकीकडे बघून. मग माझा हात हातात घेतला, शाईने काळी झालेली बोटं एकेक करून पुसली. "या किनाऱ्यावर तुझ्यासारखं अक्षर कोणाचं नाही. सोळा जणी तुझ्या बोटांवर जेवतात. पेलागियाचे डोळे चाललेत. तू गेलीस तर या म्हाताऱ्या कुठे जातील?"

ती मला कोंडून ठेवते म्हणून मी तिचा मनापासून द्वेष करावा, तर ती अशी बोटं पुसते. भिंत परवडली, निदान तिच्यावर डोकं तरी आपटता येतं.

२५ मार्च, देवदूताच्या निरोपाचा सण

सणाचा मासा मिळाला. आणि ताई आली!

आर्तेमीताई जाळीपलीकडे बसली होती, नवरा गेल्यापासून काळ्यात. नेहमीसारखी पोटाशी हात धरून. मला क्षणभर वाटलं, पोटुशी आहे की काय! तर म्हणाली, "अगं वेडे, अंडी आहेत." रेशमाच्या किड्यांची अंडी, पुरचुंडीत बांधून पोटाशी. तुतीला पालवी फुटेपर्यंत बायका अशाच ऊब देतात. आई द्यायची. मी विसरलेच होते! मग एकदम सगळं आठवलं: परातीतले किडे, पाला टाकला की होणारा आवाज. बारीक पाऊस पडावा तसा.

"एकटीला झेपत नाही गं," ताई म्हणाली. "गेल्या वर्षी दहा पराती ठेवल्या, सात उपाशी मेल्या. माणूस ठेवला तर चोरतो. तू असतीस तर... जाऊ दे."

मी सगळं सांगितलं. बिशपचा माणूस, दहा वर्षं, पोथी. म्हटलं, तू साक्ष दे.

"सख्खी बहीण आणि त्यात बाई! माझी साक्ष कोण ऐकणार? त्यांना लिहिलेलं लागतं. बाबांनी लिहिलं होतं की! मला चांगलं आठवतं. तू झालीस त्या संध्याकाळी लिहायला बसले आणि दिवा कलंडला. तेल सांडलं, पानाची कड जळाली. आई बाजेवरून ओरडली, पोरीच्या जन्माला अपशकुन! बाबा म्हणाले, अपशकुन कसला, उजेड सांडला म्हण."

उजेड सांडला! असं बोलायचे बाबा. अकरा वर्षांत मला त्यांचं एक वाक्य मिळालं.

जाताना ताईने जाळीतून दोन बोटं आत घातली. मी धरली. दाराशी बसणारी म्हणाली, पुरे झालं.

२६ मार्च

जळक्या कडेचं पान. एकही नाही! मग डोक्यात वीज पडावी तसं झालं: कडा तर पेलागियाने आधीच कापल्या. लिहिलेलं होतं ते कडेलाच!

टोपली पालथी केली. चिंध्या, कोपरे, पट्ट्या. जळका एकही नाही. ज्यांवर हे सगळं लिहिते ते, कोंड्याच्या पिशवीत लपवलेले माझे स्वतःचे तुकडेही काढून पाहिले, त्यांतही जळका नाही. आणि दर शनिवारी टोपली सरसाच्या भांड्यात रिकामी होते. चार शनिवार झाले.

२७ मार्च

कालपासून सरसाच्या भांड्याजवळून जाताना नाक धरते. त्याच सरसाने मी पुढे नव्या पुस्तकाची पाठ चिकटवणार. माझा जन्म त्यात उकळलाय.

३१ मार्च

शनिवार. पेलागियाने भांडं चढवलं. मी टोपलीवर बसून राहिले, एकेक पट्टी हातात घेऊन बघितल्याशिवाय देईना.

"काय गं, कोंबडीसारखी बसलीस?"

तिला सांगावंसं वाटलं. पण ती साठ वर्षं अम्मांच्या पायाशी आहे, एक नाही तीन अम्मा झाल्या. घरची मांजर घरच्यांनाच म्याव करते. नाही सांगितलं.

९ एप्रिल, दुःखसप्ताहाचा सोमवार

खरवडणं संपलं. आता लिहायचं. अम्माने स्वतः बोरू तासून दिला.

कोरी पानं कोरी नसतात. उजेडात तिरपं धरलं की खालची मोठी अक्षरं दिसतात, बर्फाखाली शेत दिसावं तशी. मेंढपाळ अजून मेंढरू शोधतोय आणि त्याच्यावरून माझ्या ओळी आडव्या चालल्यात. छान जमतंय. लाज वाटते, पण छान जमतंय! हात माझं ऐकतच नाही, सुंदरच लिहितो. एखादी ओळ वाकडी काढली असती तर अम्मा म्हणाली असती, जा बाई घरी.

१० एप्रिल

मला घरी जायचंय. बस. दुसरं काही लिहायचं नाही.

१५ एप्रिल

ख्रिस्त उठला! तांबडी अंडी, चीज, गाणी. सगळ्या कबरी उघडल्या म्हणे. आमचं फाटक बंदच.

१९ एप्रिल

ताईचा निरोप आला, पाव देणाऱ्या बाईबरोबर. अंडी फुटली, किडे बाहेर आले. मिरीच्या दाण्याहून बारीक, काळे. "हात पाहिजेत," एवढंच.

माझे हात इथे पुस्तक लिहिताहेत.

२१ एप्रिल, शनिवार

बिशपचा माणूस दुपारी आला. तरुण आहे, नाक लाल, शिंकतोय. आम्हाला ओळीत उभं केलं. ज्यांची काही तक्रार असेल त्यांनी पुढे यावं.

मी पुढे गेले. अकरा वर्षांत न विचारता टाकलेलं पहिलं पाऊल!

"वय दहाच्या आत होतं असं म्हणणं आहे?"

"हो."

"लेखी काही?"

अम्माने मठाची वही पुढे केली. तिथे तिच्या हाताने लिहिलंय, अकरा. त्याने वाचलं, शिंकला, म्हणाला, "उद्या प्रार्थनेनंतर जाईन. तोपर्यंत लेखी काही आणलंत तर पाहीन. नाहीतर वही खरी." वाईट माणूस नाही. त्याला फक्त कागद दिसतात, माणसं दिसत नाहीत. बाबाही थोडे तसेच होते.

अम्मा जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. हात जड होता. तिचेही डोळे ओले होते, खोटं कशाला लिहू?

कामाच्या खोलीत आले आणि सगळं पेलागियापुढे ओकले. आता लपवायचं काय राहिलं? बाबा, ताई, दिवा, जळकी कड, सरस. ती पट्ट्या कातरत होती. थांबली नाही.

"जळकी कड? मोठ्या अक्षरांच्या पोथीची?"

"हो!"

"ती होय! जळकं होतं तेवढं मी कातरून चुलीत टाकलं, सरसाला घाण वास येतो त्याने. बाकी तुकडा चांगला रुंद होता. थोडं तेल होतं कोपऱ्याला, पण रुंद. म्हणून तर तुला दिला की, अगदी पहिल्या दिवशी." मग कात्री खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझा आवाज येतो तिकडे पाहिलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! ऊठ. अम्मा जेवायला बसलीय. कोंड्याची पिशवी काढ. मला काही दिसत नाही हल्ली, सगळ्यांना माहीत आहे."

२२ एप्रिल, सकाळ

उन्हात, उलटा धरला. वजरी नीट बसली नव्हती, दोन महिन्यांत बाबांची शाई तपकिरी होऊन परत वर आलीय: "माझी मुलगी ख्रिसो जन्मली, सृष्टीच्या निर्मितीपासून वर्ष ६६३३, फेब्रुवारीच्या आठ तारखेला, दिवेलागणीला." ख्रिसो म्हणजे मी, फेव्रोनिया हे मठाने ठेवलेलं नाव. बोटांवर मोजलं, तीनदा. तापाच्या वर्षी ऑक्टोबरात केस कापले, तेव्हा आठ वर्षं आठ महिने.

आणि त्यावर, सुलट, माझं अक्षर: खोटं बोलले. क्रूसावर हात ठेवून खोटं बोलले. पोथी, छत, अम्मा, सगळं. माझं खरवडायला गेले तर बाबांचंही जाईल. हे शेवटचं त्याच तुकड्याच्या कडेला लिहितेय. घंटा झाली. वर्षभर पवित्र भाकरी नाही मिळणार.

घेऊन निघाले. दोन्ही बाजूंनी वाचू दे.